पहाटे उठून घरी पाव भाजायचाय? मग कामं या क्रमानं करा

रविवारी पहाटे पाचचा गजर लावायचा, उठल्यावर यीस्ट भिजवायचं, मैदा मळायचा आणि साडेसातला गरम पाव टेबलावर. बहुतेकांचा बेत असा असतो आणि बहुतेकदा तो फसतो. साडेसातला पीठ अजून फुगतच असतं, ओट्यावर मैद्याचा सडा पडलेला असतो, घरातली मंडळी भुकेली असतात आणि आदल्या रात्री बाराला झोपलेला बेकर चिडलेला असतो. पुढच्या रविवारी तो गजर बंद करून कूस बदलतो, हे ओघानं आलंच.

यात कृती चुकत नाही, क्रम चुकतो. साधा पाव मळण्यापासून खाण्याजोगा होईपर्यंत साडेतीन तास सहज जातात. ते सगळे सकाळी बसवायचे तर चारलाच उठायला हवं. बेकरीवाले रात्रभर राबतात, पण तो त्यांचा धंदा आहे. घरी मळणं आणि वळणं रात्री उरकायचं, रात्रभर फ्रिजला काम करू द्यायचं आणि सकाळी फक्त फुगवणं आणि भाजणं ठेवायचं. दुसरी गोष्ट म्हणजे लवकर उठायची सवय आणि बेकिंग एकाच आठवड्यात सुरू करायचं नाही. आधी पहाट, मग नानकटाई, पाव सगळ्यांत शेवटी.

## टप्पा १: आधी उठण्याची वेळ बदला, झोपण्याची आपोआप मागून येते

लवकर उठायचं ठरवलं की लोक पहिल्याच रात्री साडेनवाला अंथरुणात शिरतात आणि अकरापर्यंत पंख्याकडे बघत पडून राहतात. शरीराचं घड्याळ असं ठरवून त्याच दिवशी सरकत नाही. ते सरकतं मुख्यतः सकाळच्या उजेडानं. म्हणून सुरुवात सकाळच्या टोकाकडून करायची.

सध्या सातला उठत असाल तर पावणेसातला उठा. तीन-चार दिवस तीच वेळ पाळा, मग साडेसहा. असं पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे येत साडेपाच गाठायला साधारण तीन आठवडे जातात. एकदम दीड तासाची उडी मारलीत तर चौथ्या दिवशी ऑफिसात दुपारी डुलक्या येतील आणि पाचव्या दिवशी सगळं बारगळेल.

उठल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं उजेडात घालवा. मेअखेरीस ठाण्यात सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, त्यामुळे साडेपाचला गॅलरीत उभं राहिलं तरी तांबडं फुटू लागलेलं असतं. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या आसपास, म्हणजे साडेपाचला मिट्ट काळोख. तेव्हा स्वयंपाकघरातला मिणमिणता दिवा नको, सरळ ट्यूबलाइट लावा आणि उजाडल्यावर खाली एक फेरी मारून या. जमत असेल तर हा सगळा उद्योग फेब्रुवारी-मार्चमध्येच हाती घ्या. दिवस दर आठवड्याला थोडा लवकर उजाडत असतो, त्याची आयती मदत होते. डिसेंबरात हा संकल्प करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

या तीन आठवड्यांत बेकिंग नाही, पण सकाळी काहीतरी हवंहवंसं ठेवाच. उठून मोबाइलच बघायचा असेल तर शरीर परत आडवं व्हायचं निमित्त शोधतं. ठाण्यात उपवन नाही तर तलावपाळी आहे, वाशीत सागर विहार आहे, नेरुळ-सीवूड्सवाल्यांना पाम बीच रोडचा पदपथ आहे. एप्रिल-मे असेल तर कोकिळ पहाटे पाचच्या आधीपासून घसा साफ करत असतो, गजराची निम्मी कामगिरी तोच करतो. चालायचं नसेल तर गॅलरीत चहा घेऊन बसा. पुढे पाव फुगायचा तासभर नेमका याच वेळात बसणार आहे, म्हणून ही जागा आत्ताच रिकामी करून ठेवायची.

संध्याकाळच्या बाजूनं दोनच बदल करा. पहिला चहाचा. अंगातलं कॅफिन निम्म्यावर यायलाच साधारण पाच-सहा तास लागतात, म्हणजे सहाला स्टेशनबाहेर घेतलेल्या कटिंगचा बराच भाग झोपायच्या वेळी शिल्लक असतो. शेवटचा चहा चारच्या आत. दुसरा जेवणाचा. मुंबईहून लोकलनं परतणाऱ्याला ‘सातला जेवा’ सांगण्यात अर्थ नाही, घरात पाऊल पडेपर्यंत आठ वाजतात. पण साडेआठचं जेवण हलकं ठेवता येतं आणि जेवल्यावर मालिकेचा दुसरा भाग न लावणं हेही आपल्याच हातात असतं.

तपासा: सलग आठवडाभर गजराच्या पाच-दहा मिनिटं अलीकडे-पलीकडे जाग येते का? दुपारी तीनला डोळे मिटत नाहीत ना? दोन्हीचं उत्तर बरोबर आलं तरच पुढे जा.

सावध: शनिवार-रविवारी दहापर्यंत लोळलात तर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एखादा तास उशीर खपून जातो. आणि ऐरोली-महापेच्या कंपन्यांत ज्यांचे कॉल रात्री साडेअकरापर्यंत चालतात, त्यांनी पहाटेचा हट्ट सोडून सुट्टीच्या दुपारी बेकिंग करावं. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप हवी. अर्धवट झोपेत दोनशे अंशांचा टिन हाताळणं हे शौर्य नाही.

## टप्पा २: ओव्हन ओळखून घ्या

हे काम दिवसाउजेडी, सवडीनं करायचं. पहिल्याच पहाटे ओव्हनची पहिली भेट नको.

जागा आणि प्लग. घरगुती ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, साधारण १२०० ते २००० वॅटचा असतो. मागच्या पट्टीवर आकडा छापलेला असतो, तो वाचा. त्याला १६ अँपिअरचा मोठा प्लग पॉइंट लागतो. मोबाइल चार्जर लावायच्या एक्स्टेन्शन बोर्डवर तो लावू नका. भिंतीपासून चार-पाच इंच मोकळी जागा सोडा, आणि गॅसची रबरी नळी किंवा टांगलेला नॅपकिन त्याच्या आसपास नको.

गीझरशी गाठ. नौपाड्यातल्या जुन्या इमारती असोत की सिडकोची जुनी घरं, वायरिंग जुनं असेल तर गीझर आणि ओटीजी एकदम चालू केल्यावर एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारं बटण, पडायची शक्यता असते. मग पंखे बंद पडतात, आणि मे महिन्यात पंखा थांबला की सगळं घर दोन मिनिटांत उठून बसतं. आंघोळ एक तर आधी उरका नाही तर पाव निघाल्यावर करा.

पहिली तापवणी. नवा ओव्हन रिकामाच २०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं चालवा, खिडकी उघडी ठेवून. रॉडवरचं आवरण जळून वास येतो, थोडा धूरही होतो. तो एकदाच काय तो निघून जाऊ दे, पावाला लागायला नको.

तापमान खरं की खोटं? डायलवर १८० लिहिलंय म्हणजे आत १८० आहे असं समजू नका. स्वस्त ओटीजीत वीस-पंचवीस अंशांचा फरक नवा नाही. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. नाही घेतला तर घरातली साखर वापरा. साखर साधारण १८६ अंशांच्या आसपास वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घालून डायल १७५ वर ठेवा, ओव्हन तापल्यावर वाटी पंधरा मिनिटं आत ठेवा. दाणे मोकळे राहिले पाहिजेत. मग नवी साखर घेऊन हेच १९५ वर करा, आता ती वितळायला हवी. १७५ लाच पाणी झालं तर तुमचा ओव्हन तापट आहे, कृतीत लिहिलं असेल त्यापेक्षा डायल पंधरा-वीस अंश खाली ठेवायचा. १९५ लाही दाणे तसेच राहिले तर उलट. जो आकडा निघेल तो ओव्हनवरच चिकटपट्टीनं लावून ठेवा, पहाटे आठवत नाही.

आवाज. बऱ्याच ओटीजींचा टायमर टिकटिक करतो आणि शेवटी ठणकन घंटा देतो. हॉलमध्ये कुणी झोपत असेल तर ती घंटा पुरेशी असते. टायमर ‘स्टे ऑन’वर ठेवा आणि वेळ मोबाइलच्या व्हायब्रेशनवर लावून तो खिशात ठेवा. मात्र स्टे ऑनवर ओव्हन आपोआप बंद होत नाही, हे विसरायचं नाही.

ओटीजी नसेल आणि कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह असेल तरी चालतं. कन्व्हेक्शनवर धातूचा टिन चालतो, मायक्रोवेव्ह मोडवर अजिबात नाही, ठिणग्या उडतात. बटण दाबण्याआधी मोड दोनदा वाचा.

## टप्पा ३: पहिल्या काही सकाळी नानकटाईच्या

पावाच्या आधी नानकटाई का? कारण तिच्यात फुगायची वाट बघायची नसते, रात्री गोळे वळून ठेवले की सकाळी थेट ओव्हनमध्ये जातात, आणि बिघडलं तरी खाता येतं. ओव्हनचा स्वभाव कळायला यासारखं साधन नाही.

सोळा नगांसाठी मैदा १२५ ग्रॅम, बेसन २५ ग्रॅम, बारीक रवा १५ ग्रॅम, पिठीसाखर ७५ ग्रॅम, तूप ९० ग्रॅम, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ, वेलची आणि किंचित जायफळ.

सगळा खेळ तुपाचा. आपल्याकडे मार्चनंतर बरणीतलं तूप पातळच असतं, आणि पातळ तुपाची नानकटाई ओव्हनमध्ये पसरून एकमेकींना चिकटते. तूप वाटीत मोजून फ्रिजमध्ये ठेवा, मधूनमधून हलवा, रवाळ आणि घट्टसर झालं की बाहेर काढा. त्यात पिठीसाखर घालून ते पांढुरकं आणि हलकं होईपर्यंत फेसा. मग कोरडं सगळं चाळून घाला आणि हलक्या हातानं गोळा जमवा. मळायचं नाही. साधारण २० ग्रॅमचे चपटे गोळे करून बटर पेपर लावलेल्या ट्रेवर अंतर ठेवून मांडा, झाकून फ्रिजमध्ये.

सकाळी ओव्हन १६० अंशांवर पंधरा मिनिटं तापवा, ट्रे मधल्या खणात ठेवा, १८ ते २२ मिनिटं. वरून रंग फारसा बदलत नाही, कडेनं खालून फिकट बदामी दिसली की काढा.

सावध: गरम नानकटाई बोटानं दाबली तर मऊच लागते. कच्ची आहे समजून पुन्हा आत ढकललीत तर थंड झाल्यावर दात लागणार नाहीत. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या.

एका गोष्टीचा इथंच निकाल लावतो. केळ्याचा केक करायचा असेल तर त्याचं मिश्रण रात्री कालवून ठेवू नका. सोडा दह्याला लागताक्षणी कामाला लागतो, सकाळपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो आणि केक ओट्यासारखा सपाट निघतो. कोरडं एका डब्यात मिसळून ठेवा, केळी-दही-तेल सकाळी. यीस्टला रात्र मानवते, सोड्याला नाही.

## टप्पा ४: पाव, रात्रीचं काम

कामाच्या दिवशी पाव नको, असं माझं स्पष्ट मत आहे. सव्वासातची लोकल आणि सातला ओव्हनमधून निघणारा पाव यांचं जमत नाही. शनिवारी रात्री मळा, रविवारी सकाळी भाजा.

आठ इंची चौकोनी टिनमध्ये नऊ पाव बसतात. त्याला लागेल ते असं:

मैदा ३०० ग्रॅम
दूध आणि पाणी निम्मं-निम्मं, मिळून १९० मिली
साखर १५ ग्रॅम
मीठ ५ ग्रॅम
इन्स्टंट यीस्ट २ ग्रॅम, म्हणजे पाऊण चमच्याला जरा कमी
लोणी किंवा बटर २० ग्रॅम

वजनकाटा घ्या. वाटीनं मोजलेला मैदा दाबून भरला की मोकळा भरला यावर चांगलाच कमी-जास्त होतो, आणि मग ‘माझंच पीठ चिकट का?’ हा प्रश्न येतो.

यीस्टचं पाकीट नीट वाचा. इन्स्टंट यीस्ट सरळ मैद्यात मिसळतं. ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवावं लागतं, फेस आला तरच ते जिवंत. पाणी बोटाला जेमतेम कोमट हवं. चहाच्या गरमाईचं पाणी घातलंत तर यीस्ट मेलं. फोडलेलं पाकीट मसाल्याच्या फडताळात ठेवू नका, आपल्या दमट हवेत ते लवकर निकामी होतं. हवाबंद डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा.

१. सव्वाआठ: कालवणं. मैदा, साखर, मीठ, यीस्ट मिसळा. दूध-पाणी घालून गोळा करा. लोणी आत्ता नाही. दहा मिनिटं झाकून ठेवा, या वेळात भांडी आवरून होतात.

२. साडेआठ: मळणं. लोणी घालून दहा-बारा मिनिटं मळा. सुरुवातीला हाताला चिकटेल. मैदा भुरभुरवायचा मोह आवरा, पाव दडस होतो तो याच क्षणी. तळहातानं पुढे ढकलायचं, घडी घालायची, वळवायचं. सातव्या-आठव्या मिनिटाला ओटा आपोआप स्वच्छ सुटू लागतो.

तपासा: पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ लागायला हवं. छोटा तुकडा दोन्ही हातांनी हळूहळू ताणा. पलीकडचा उजेड दिसण्याइतका पातळ पडदा झाला आणि फाटला नाही, तर मळणं पुरे. लगेच फाटला तर आणखी तीन-चार मिनिटं.

३. पावणेनऊ: पहिलं फुगणं. तेल लावलेल्या भांड्यात झाकून साधारण ४० मिनिटं. दुप्पट व्हायची वाट बघू नका. दीडपट झालं की बास, उरलेलं फ्रिजमध्ये होणार आहे. ‘एक तास ठेवा’ असं वाचून लोक घड्याळ लावतात, पण ते एक तास थंड देशातल्या स्वयंपाकघराचे असतात. ठाण्यात मे महिन्यात रात्री नऊलाही ओट्याजवळ बत्तीस-तेहतीस अंश असतात, तिथं पंचवीस मिनिटांत काम होतं.

४. साडेनऊ: वळणं. हवा हलकेच दाबून काढा, साधारण ६० ग्रॅमचे नऊ भाग करा. प्रत्येक भागाच्या कडा खाली ओढून चिमटा आणि ओट्यावर तळहाताच्या ओंजळीखाली गोल फिरवा, वरची कातडी ताणलेली राहिली पाहिजे. तूप लावलेल्या टिनमध्ये तीन-तीनच्या ओळीत, मध्ये बोटभर जागा सोडून ठेवा.

५. पावणेदहा: झाकून फ्रिजमध्ये. वरून तेलाचं बोट फिरवा आणि टिन प्लास्टिकनं घट्ट झाका. उघडा राहिला तर गोळ्यांवर कोरडी साल धरते आणि सकाळी पाव फुगताना ती तडकते. घट्ट झाकायचं आणखी एक कारण म्हणजे त्याच फ्रिजमध्ये चिरलेला कांदा आणि कालचं बोंबलाचं कालवण असतं. लोणी-दुधाचं पीठ वास ओढून घेतं.

झोपण्याआधी पाच मिनिटं: बटरची वाटी, ब्रश, जाळीचा स्टँड, ओव्हनचे हातमोजे, स्वच्छ पंचा हे सगळं ओट्यावर काढून ठेवा. पहाटे भांड्यांच्या रॅकमध्ये हात घातला की आतून आवाज येतोच, ‘अरे, काय खुडबुड लावलीयस एवढ्या पहाटे?’

सावध: ऐनवेळी पाहुणे आले, झोपायला साडेबारा वाजले, तर गजर बंद करा. गोळे फ्रिजमध्ये बारा-चौदा तास थांबतात. नाश्त्याऐवजी दुपारच्या मिसळीबरोबर पाव होईल, बिघडत काही नाही.

## टप्पा ५: पाव, सकाळचं काम

१. साडेपाच. टिन बाहेर काढा. झाकण काढू नका. गोळे थंड, निस्तेज आणि रात्री होते त्याहून थोडेसेच मोठे दिसतील, प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब जमलेले असतील. पाहून धीर सोडू नका आणि ऊब द्यायला टिन शेगडीजवळ ठेवू नका. खालून शिजायला लागतं.

२. पावणेसहा ते साडेसहा. आता काहीच करायचं नाही. चालायला जा, चहा घ्या, पेपर आला असेल तर तो वाचा. दर दहा मिनिटांनी झाकण उचलून बघणारे लोक पहाटेला नंतर कंटाळतात. साधारण २८ अंशांच्या घरात गोळ्यांना तासभर लागतो.

३. साडेसहा: बोटाची परीक्षा. एव्हाना गोळे एकमेकांना खांदे लावून बसलेले असतात आणि टिनला हलकी टिचकी मारली की थरथरतात. बोटाला मैदा लावून एका गोळ्याला हलकं दाबा.

खळगा झटकन भरला: अजून पंधरा मिनिटं.
खळगा सावकाश आणि अर्धवट भरला: ओव्हन चालू करा.
खळगा भरलाच नाही, गोळा खाली बसला: वेळ उलटून गेली. ओव्हन तापताच भाजा, दूध लावत बसू नका, ब्रशनं तो आणखी बसेल.

४. ओव्हन तापवणं. १९० अंश, खालचा-वरचा दोन्ही रॉड, पंधरा मिनिटं. टिन आत ठेवून ओव्हन तापवायचा नाही.

५. पावणेसात: भाजणं. दुधाचा हलका हात फिरवा. टिन मधल्या खणात, छोट्या ओव्हनमध्ये खालच्या. पहिली बारा मिनिटं दार उघडायचं नाही. नंतर रंग फार लवकर चढत असेल तर वरून फॉइल टाका. एकूण १८ ते २२ मिनिटं.

तपासा: वरचा रंग फसवतो. मधला एक पाव उचलून खालून बघा. पांढुरका आणि ओलसर असेल तर टिन एक खण खाली घेऊन आणखी तीन-चार मिनिटं. खालून बदामी आणि टिचकी मारल्यावर पोकळ वाजला की झाला.

६. सात-सव्वासात. बाहेर काढल्या काढल्या बटर फिरवा. पाच मिनिटांनी टिनमधून सोडवून जाळीच्या स्टँडवर ठेवा आणि पंचानं झाका. टिनमध्येच राहिला तर वाफेनं बूड ओलं होतं, उघडा राहिला तर कड कडक होते. मग वीस मिनिटं थांबा. हे सगळ्यांत अवघड, कारण वासानं एव्हाना घर जागं झालेलं असतं. पण गरम तोडलेला पाव आत चिकट लागतो आणि दोष भाजण्याला जातो.

## ऋतूप्रमाणे काय बदलायचं

एप्रिल-मेमध्ये दूध-पाणी फ्रिजमधलं गार घ्या आणि यीस्ट दीड ग्रॅमवर आणा. नाही तर वळून होईपर्यंतच गोळे फुगून बसतात आणि रात्रभरात आंबटतात.

पावसाळ्यात मैदा हवेतलं पाणी पितो. १९० मिलीतलं एक टेबलस्पून मागे ठेवा, लागलं तरच घाला. वीज जाण्याचा संभवही याच दिवसांत. गोळे फुगलेले असताना वीज गेली तर जाड बुडाची कढई घ्या, तळाशी वाटीभर मीठ पसरून त्यावर छोटा स्टँड ठेवा, झाकून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापवा, मग मंद आचेवर टिन आत ठेवून घट्ट झाका. पंचवीस-तीस मिनिटं लागतात. वरून रंग येत नाही, तव्यावर लोणी सोडून शेकला की तीही उणीव भागते.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे घरात बावीस-तेवीस अंशच असतात, त्यामुळे फुगायला दीड-दोन तास जातात. टिन बंद ओव्हनमध्ये ठेवून खाली गरम पाण्याची वाटी ठेवली की बरंच लवकर होतं. फक्त ओव्हन तापवायच्या आधी टिन, वाटी आणि प्लास्टिक तिन्ही बाहेर काढली का, हे दार उघडून डोळ्यांनी पाहा. आठवणीवर विसंबू नका.

## हमखास येणाऱ्या तक्रारी

‘पावाला यीस्टचा वास येतो.’ यीस्ट जास्त पडलं, किंवा पीठ उबेत फार वेळ राहिलं. लवकर फुगावं म्हणून चमचाभर यीस्ट घालणं ही सर्रास होणारी चूक. रात्रीचा वेळ हाताशी असताना त्याची गरजच नसते.

‘वरून करपला, आत कच्चा.’ ओव्हन तापट आहे किंवा टिन वरच्या रॉडच्या फार जवळ. साखरेची परीक्षा टाळलीत का?

‘मी मैद्याऐवजी कणीक वापरली, वीट झाली.’ पहिल्या खेपेला पूर्ण कणीक नको. ३०० ग्रॅमपैकी १०० ग्रॅम कणीक घ्या आणि पाणी दोन टेबलस्पून वाढवा. हात बसला की प्रमाण वाढवत न्या. पूर्ण कणकेचा पाव मैद्याइतका हलका होत नाही.

‘दुसऱ्या दिवशी पाव कोरडा पडला.’ फ्रिजमध्ये ठेवलात म्हणून. फ्रिजच्या गारव्यात पाव बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो. एक दिवस डब्यात राहतो, पावसाळ्यात तेवढाही भरवसा धरू नका, बुरशी धरते. उरलेले पाव गार झाल्यावर त्याच दिवशी पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका. हवे तेव्हा बाहेर काढून अर्धा तास ठेवा, मधोमध कापा आणि लोणी लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी शेका. सोमवारच्या सकाळी साडेसहाला डब्यासाठी एवढंच जमतं, आणि तेवढं पुरतं.